हिरवे स्फटिक: मोहर सॉल्टची लांबची वाट की फेरिक क्लोराइडची जवळची?

निवळ (धागालेखक)

बीएस्सीच्या इनऑर्गॅनिक प्रॅक्टिकलमध्ये पोटॅशियम ट्रायऑक्झॅलॅटोफेरेट (लोखंडाला तीन ऑक्झॅलेट जोडलेला क्षार) बऱ्याच ठिकाणी असते. पोरांच्या भाषेत नुसते 'हिरवे स्फटिक'. करायच्या वाटा मुख्यतः दोन.

लांबची: मोहर सॉल्ट (म्हणजे फेरस अमोनियम सल्फेट) घ्या, ऑक्झॅलिक आम्लाने पिवळे फेरस ऑक्झॅलेट पाडा, धुवा, पोटॅशियम ऑक्झॅलेटच्या द्रावणात हायड्रोजन पेरॉक्साइडने त्याचे फेरिक करा (फेरस म्हणजे दोन-संयुजी लोखंड, फेरिक म्हणजे तीन-संयुजी), आणि शेवटी पुन्हा ऑक्झॅलिक आम्ल घालून तपकिरी साका विरघळवा. अडीच तास कुठे जात नाहीत.

जवळची: पोटॅशियम ऑक्झॅलेटच्या गरम द्रावणात फेरिक क्लोराइड ओता, बर्फात ठेवा. पाऊण तासात वही बंद.

माझे मत स्पष्टच सांगतो. जवळची वाट म्हणजे प्रयोग नव्हे, ओतकाम. लांबच्या वाटेत साका पाडणे, धुणे, ऑक्सिडीकरण, तापमान सांभाळणे, सगळे हाताखालून जाते. अडचण एवढीच की बॅचमधले बरेच बीकर तपकिरी चिखलावर येऊन थांबतात.

तर प्रश्न दोन. लांबची वाट हमखास जमावी यासाठी नेमकी प्रमाणे आणि खाचाखोचा काय? आणि स्फटिक झाल्यावर त्यांचे करायचे काय? 'रंग हिरवा, यील्ड (हाती आलेला माल) अमुक ग्रॅम' लिहून बाटली कपाटात ढकलणे काही पटत नाही.

खलबत्ता

रंग हिरवा, यील्ड १०८ टक्के. ओले स्फटिक जोखणाऱ्यांचा विजय असो.

ब्युरेटबाई

मोहर सॉल्ट ५ ग्रॅम धरून प्रमाणे देते.

मोहर सॉल्ट १५ मिलि कोमट पाण्यात विरघळवा, पण पाण्यात आधी विरल गंधकाम्लाचे ५-६ थेंब हवेत. ते विसरले की फेरसचे हवेनेच फेरिक व्हायला लागते आणि द्रावण पिवळट-तपकिरी दिसते. बाटलीतले मोहर सॉल्टही बघून घ्या: फिकट निळसर हिरवे हवे. पिवळे पडलेले असेल तर त्यातले फेरिक पुढच्या पायरीत साक्यात न येता निवळीबरोबर ओतले जाते. पोरे 'यील्ड कमी का' विचारतात, उत्तर बेसिनमध्ये गेलेले असते.

आता ऑक्झॅलिक आम्ल २.५ ग्रॅम २५ मिलि पाण्यात करून त्यात घाला आणि ढवळत उकळीपर्यंत न्या. इथे काचकांडी एक क्षणही थांबवू नका. फेरस ऑक्झॅलेटचा साका जड असतो, तळाशी बसतो, खाली वाफ कोंडते आणि बीकर उसळतो. गॉगल लावा. उकळी आली की उतरवा, साका बसू द्या. उकळल्यामुळे कण मोठे होतात आणि चटकन बसतात, न उकळलेला साका धुताना निम्मा निवळीबरोबर जातो.

साक्यावरचे निवळलेले पाणी ओतून टाका आणि १५ मिलि गरम पाण्याने तीनदा धुवा. फिल्टर करायची गरज नाही. धुणे पुरे झाले का ते बघायला शेवटच्या धुवणात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालून मग बेरियम क्लोराइड टाका. आम्ल आधी, कारण बेरियम ऑक्झॅलेटही पांढरेच पडते, पण ते हायड्रोक्लोरिकमध्ये विरघळते, सल्फेट विरघळत नाही. आम्लाशिवाय टेस्ट घेतली तर जन्मभर धूत बसाल.

दुसरा भाग: पोटॅशियम ऑक्झॅलेट मोनोहायड्रेट ३.५ ग्रॅम १० मिलि पाण्यात, ४० अंशांना. ते साक्यावर घाला. २० व्हॉल्यूमचे पेरॉक्साइड (६ टक्के) ९ मिलि, थेंबाथेंबाने, निदान दहा मिनिटे लावून, सतत ढवळत. तापमान ४० च्या आसपासच. वर गेले की लोखंडाच्याच संगतीने पेरॉक्साइड फसफसून ऑक्सिजन सोडते आणि काम न करता संपते. खाली पिवळा साका तसाच राहतो.

या टप्प्यावर द्रावण तपकिरी गढूळ दिसणारच. निवळ यांचा 'चिखल' तोच. तो बिघाड नाही, फेरिक हायड्रॉक्साइड आहे. फेरसपैकी एक तृतीयांश लोखंड हायड्रॉक्साइड होऊन बसते, कारण सगळ्याला पुरेल एवढे ऑक्झॅलेट अजून बीकरमध्ये नसते. बिघाड कधी म्हणायचा? तपकिरीच्या खाली पिवळे कण दिसले तर. पांढऱ्या टाइलवर एक थेंब द्रावण, एक थेंब विरल आम्ल, एक थेंब पोटॅशियम फेरिसायनाइड. गडद निळे झाले तर फेरस शिल्लक आहे, आणखी पेरॉक्साइड घाला. ही टेस्ट खिडकीच्या उन्हात घेऊ नका, उन्हानेच फेरस तयार होते.

मग उकळीला आणून उरलेले पेरॉक्साइड घालवा, एक-दोन मिनिटे पुरे. उकळते असतानाच १० टक्के ऑक्झॅलिक आम्ल ५ मिलि एकदम, नंतर ३ मिलि थेंबाथेंबाने. साका नाहीसा होऊन स्वच्छ हिरवे झाले की थांबा. थांबा म्हणजे थांबा.

दोन थेंब जास्त

'थांबा म्हणजे थांबा' ला अनुमोदन. हिशेबाने पाहा: ५ ग्रॅम मोहर सॉल्ट म्हणजे १२.७५ मिलिमोल लोखंड. शेवटच्या पायरीला त्याच्या निम्मे, ६.३७ मिलिमोल ऑक्झॅलिक आम्ल लागते. १० टक्के द्रावणाचे ८ मिलि म्हणजे जवळपास तेवढेच. 'विरघळत नाही' म्हणून १५ मिलि ओतणाऱ्याच्या बीकरमध्ये हिरव्याबरोबर पांढऱ्या सुया येतात, त्या पोटॅशियम हायड्रोजन ऑक्झॅलेटच्या. विरघळत नसेल तर बहुतेक वेळा आम्ल कमी नसते, उकळी उतरलेली असते.

(आयडी बघून हसू नका.)

वऱ्हाडी_वाफ

४० अंशाच्या वर जाऊ देऊ नका म्हन्ता, आमच्याइकडं मे मयन्यात नळालेच तेवढं पानी येते. बीकर तापवाचा का थंडा कराचा ते सांगा आधी.

ब्युरेटबाई

@वऱ्हाडी_वाफ, थंड करायचा! बीकर माठातल्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवा, बर्नर बंद. ३५ ला सुद्धा उत्तम चालते, फक्त पेरॉक्साइड आणखी सावकाश. उन्हाळ्यात खरा त्रास बाटलीतल्या पेरॉक्साइडचा असतो. लेबलवर २० व्हॉल्यूम, आत सहा. आधी टायट्रेट करा (ब्युरेटने थेंबाथेंबाने घालून किती लागते ते मोजा): १ मिलि पेरॉक्साइड विरल गंधकाम्लात घेऊन ०.०२ मोलर परमँगनेट. पूर्ण ताकदीच्या बाटलीला ३५ मिलि लागतात. १२ वर रंग टिकला तर बाटली बेसिन धुवायला वापरा.

फेरिकवाले काका

निवळसाहेब, 'ओतकाम' हा शब्द काळजाला लागला, म्हणून लिहितो.

जवळच्या वाटेची प्रमाणे: पोटॅशियम ऑक्झॅलेट मोनोहायड्रेट १२ ग्रॅम २० मिलि गरम पाण्यात. फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट ५.४ ग्रॅम ८ मिलि पाण्यात. दुसरे पहिल्यात, ढवळत. उलटे नाही, ऑक्झॅलेट कायम जास्त राहिले पाहिजे. तीन मोल पोटॅशियम क्लोराइड सोबत तयार होते, पण ते शून्य अंशालाही १०० मिलिला २८ ग्रॅम विरघळते, इथे जेमतेम साडेचार ग्रॅम आहे. त्यामुळे ते पाण्यातच राहते आणि हिरवे खाली येते. पहिले पीक गाळून पुन्हा २० मिलि गरम पाण्यातून स्फटिकीकरण करा. बस.

आता मुद्द्याचे. प्रकाश मोजण्यासाठी जो फेरिऑक्झॅलेट ॲक्टिनोमीटर वापरतात, हॅचर्ड आणि पार्कर यांचा १९५६ चा, त्यात लागणारा अतिशुद्ध पदार्थ कसा करतात? १.५ मोलर पोटॅशियम ऑक्झॅलेटचे तीन भाग, १.५ मोलर फेरिक क्लोराइडचा एक भाग, ढवळा. मग कोमट पाण्यातून तीन वेळा पुनर्स्फटिकीकरण आणि ४५ अंशांच्या हवेत वाळवणे. म्हणजे जगात ज्याच्या शुद्धतेवर फोटॉन मोजले जातात तो माल ओतकामाचाच आहे. कसब ओतण्यात नाही, पुनर्स्फटिकीकरणात आहे. तुम्ही ते वेळापत्रकातून कापता आणि दोष वाटेला देता.

निवळ

@फेरिकवाले काका, ॲक्टिनोमीटरचा मुद्दा जोरदार आहे, मान्य. पण हेक्साहायड्रेट ५.४ ग्रॅम 'जोखायचे' म्हणता, ते आमच्याकडे पावसाळ्यात बाटलीतून चमच्याने नव्हे, डावाने काढावे लागते. वॉच ग्लासवर ठेवेपर्यंत पाझरते. मोहर सॉल्टचे वजन विश्वासाचे असते, म्हणून यील्डचा हिशेब विश्वासाचा. शिवाय स्फटिकांत क्लोराइड उरले का, हे कोणी तपासते का?

फेरिकवाले काका

पाझरते त्यावर उपाय: वजनच करू नका. एकदाच मोठे द्रावण करून ठेवा, त्यातले लोखंड टायट्रेशनने काढा आणि बाटलीवर मोलॅरिटी लिहा. बॅचला पिपेटने माप द्या. द्रावणात थोडे हायड्रोक्लोरिक हवे, नाहीतर महिन्याभरात तळाशी तपकिरी थर.

क्लोराइडसाठी: चिमूटभर स्फटिक पाण्यात, विरल नायट्रिक आम्ल, मग सिल्व्हर नायट्रेट. नायट्रिक हवेच, सिल्व्हर ऑक्झॅलेट त्यात विरघळते आणि क्लोराइड तेवढे पांढरे राहते. ब्युरेटबाईंच्या बेरियमवाल्या युक्तीचाच हा भाऊ. दुसऱ्या स्फटिकीकरणानंतर बहुधा हलका धूसरपणा राहतो, तिसऱ्यानंतर तोही जातो.

चौथा_दशांश

यील्डबद्दल. ५ ग्रॅम मोहर सॉल्टपासून सैद्धांतिक ६.२६ ग्रॅम. हा क्षार १०० मिलि पाण्यात शून्य अंशाला ४.७ ग्रॅम आणि १०० अंशाला ११८ ग्रॅमच्या आसपास विरघळतो. ब्युरेटबाईंच्या कृतीत शेवटी साधारण ३० मिलि द्रावण उरते. म्हणजे बर्फात ठेवूनही १.४ ग्रॅम पाण्यातच राहणार. सगळे अचूक केले तरी नुसत्या थंडाव्याने ४.८ ग्रॅम, ७७ टक्के. उरलेले अल्कोहोल घालून पाडावे लागते. कोणी अल्कोहोलशिवाय ९५ टक्के लिहिले असेल तर ते पाणी जोखलेय किंवा पोटॅशियम सल्फेट.

द्रावण आटवून यील्ड वाढवायचा मोह होतो. बर्नरवर आटवू नका. कडेला सुकलेला थर तापून विघटन होते, हिरव्यात पिवळी पूड मिसळते.

टिंक्चर

अल्कोहोल घाला म्हणणे सोपे आहे हो, एक्साइजचा परवाना कोण देणार? इथेनॉलऐवजी आयसोप्रोपिल चालेल का?

ब्युरेटबाई

चालते, पण जपून. आयसोप्रोपिल एकदम ओतले तर क्षारामुळे दोन थर पडू शकतात आणि खालच्या थरात हिरवा पाक जमतो. द्रावण ६० अंशांवर असताना थोडे थोडे घाला, कायमचा गढूळपणा दिसला की थांबा, किंचित तापवून तो घालवा आणि मग अंधारात सावकाश गार होऊ द्या. घाईने गार केले की बारीक पूड येते, आणि पुडीच्या कणांमध्ये मूळ द्रावण अडकते.

अल्कोहोल नसेल तर सोडून द्या. रात्रभर काळ्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये. शेवटचे धुणे बर्फाच्या पाण्याने ३ मिलि आणि मग ॲसिटोनने. ॲसिटोनमुळे दहा मिनिटांत वाळतात. ओव्हन नको, स्फटिकातले तीन पाणी १०० च्या वर सुटायला लागते आणि चकाकी जाते.

खलबत्ता

म्हणजे माझ्या १०८ टक्क्यांना ॲसिटोन हा उतारा. नोंद घेतली.

चौथा_दशांश

दुसऱ्या प्रश्नाकडे, करायचे काय. माझे उत्तर: टायट्रेट करायचे. स्फटिक हिरवा दिसला म्हणजे तयारी संपली असे नाही, आकडे आले की संपते.

०.२ ग्रॅम अचूक जोखून २५ मिलि विरल गंधकाम्लात विरघळवा, ६० अंशांपर्यंत तापवा, ०.०२ मोलर परमँगनेटने टायट्रेट करा. पहिले थेंब रंग सोडायला वेळ घेतात. घाबरून भराभर ओतू नका, थोडे मँगेनीज तयार झाले की तेच प्रक्रिया पुढे पळवते. शुद्ध क्षाराला २४.४ मिलि लागले पाहिजेत. तपकिरी गढूळ आले तर आम्ल कमी पडलेय. ८०-९० च्या वर तापवलेत तर ऑक्झॅलिक आम्ल स्वतःच तुटते आणि आकडा कमी येतो.

त्याच फ्लास्कमध्ये जस्ताची पूड घालून तापवा, पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत. काचलोकरीतून गाळा, विरल आम्लाने धुवा, लगेच पुन्हा टायट्रेट. आता ४.०७ मिलि. पहिल्या आणि दुसऱ्या आकड्याचे गुणोत्तर ६ ला १, कारण तीन ऑक्झॅलेट मिळून सहा इलेक्ट्रॉन देतात आणि एक लोखंड एक. गुणोत्तर सहा आले की तीन ऑक्झॅलेटला एक लोखंड हे सूत्र सिद्ध.

दुसरा आकडा नेहमी गडबडतो. जस्ताचा कण गाळून खाली आला तर जास्त, गाळताना रेंगाळलात तर हवेने कमी. ४ मिलिच्या वाचनात ०.१ ची चूक म्हणजे अडीच टक्के, म्हणून या भागासाठी परमँगनेट पाचपट विरल करून घेतलेले बरे, म्हणजे २० मिलि येतील.

अंधारकोठडी

चौथा_दशांश यांचा प्रतिसाद सुरेख, पण शेवटच्या 'सिद्ध' शब्दाला हरकत आहे.

पोटॅशियम सल्फेटची भेसळ असेल तर दोन्ही आकडे सारख्याच प्रमाणात उतरतात. गुणोत्तर सहाच राहते. पोटॅशियम हायड्रोजन ऑक्झॅलेट असेल तर मात्र ते सहाच्या वर जाते. म्हणजे गुणोत्तर फक्त जादा ऑक्झॅलेट पकडते. सल्फेट किंवा ओल पकडायची तर टक्केवारीच हवी: ऑक्झॅलेट ५३.७५, लोखंड ११.३७.

आणि उन्हाने बिघडलेला नमुना? तो तर यातून बेमालूम निसटतो. प्रकाशात दोन आयनांमागे एक ऑक्झॅलेट कार्बन डायऑक्साइड होऊन उडते आणि दोन फेरिकचे दोन फेरस होतात. गेलेल्या ऑक्झॅलेटचे दोन इलेक्ट्रॉन आणि नव्या फेरसचे दोन इलेक्ट्रॉन सारखे. परमँगनेटला इलेक्ट्रॉनच कळतात, ते कुठून आले हे कळत नाही. द्रावण तासभर उन्हात ठेवा, पहिला आकडा तोच. लोखंड तेवढेच, म्हणून दुसराही तोच. हा बिघाड पकडायचा तर फेरिसायनाइडचा थेंब किंवा फेनॅन्थ्रोलीन (फेरसशी रंग देणारे रसायन).

चौथा_दशांश

@अंधारकोठडी, हिशेब करून पाहिला, बरोबर आहे. बॅचला हाच प्रश्न व्हायवात विचारण्यासारखा आहे: उन्हात ठेवलेल्या आणि अंधारातल्या द्रावणाचे आकडे सारखे का?

टीवाय_ची_वही

कृपया विचारू नका 🙏

निळाई

उपयोगाचा विषय निघालाच आहे तर. प्रकाशात फेरिकचे फेरस होणे हाच ब्लूप्रिंटचा पाया. जॉन हर्शल यांनी १८४२ मध्ये सायनोटाइप काढला तो फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड वापरून. नेहमीचे प्रमाण: सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिलित, फेरिसायनाइड १० ग्रॅम १०० मिलित, दोन्ही वेगळ्या गडद बाटल्यांत, आयत्या वेळी समभाग. कागदावर ब्रशने लावून अंधारात वाळवा, वर पान किंवा निगेटिव्ह ठेवून ऊन द्या, पाण्याने धुवा. ऊन लागले तिथे निळे, झाकले तिथे पांढरे.

तुमच्या हिरव्या स्फटिकांनी हे होते का? होते, आणि सायट्रेटपेक्षा पटकन होते. पण ज्यांना मोठे प्रिंट काढायचेत ते पोटॅशियमऐवजी अमोनियम फेरिक ऑक्झॅलेट घेतात. माइक वेअर यांच्या नव्या सायनोटाइपमध्येही तेच आहे. कारण चौथा_दशांश यांनी दिलेली विद्राव्यता: पोटॅशियम क्षार गार पाण्यात कमी विरघळतो, कागद वाळताना पृष्ठभागावर स्फटिक धरतो आणि प्रिंटवर ठिपके येतात. वर्गात दाखवायला मात्र मस्त. ५ टक्के हिरवे द्रावण फिल्टर पेपरवर लावा, वर किल्ली ठेवा, दोन-चार मिनिटे ऊन द्या, मग फेरिसायनाइडच्या विरल द्रावणात बुडवा.

बोअरच्या पाण्याने धुऊ नका. अल्कधर्मी पाण्यात प्रशियन ब्लू (प्रिंटवरचा हाच तो निळा) फिका पडतो. पहिल्या धुवणात लिंबाचे चार थेंब टाकले तरी फरक दिसतो. आणि फेरिसायनाइडवर तीव्र आम्ल ओतून तापवणे, हे कधीही, कशासाठीही नाही. हायड्रोजन सायनाइड सुटतो.

टी_स्क्वेअर

अवांतर: नकाशांच्या ऑफिसात ज्याला बरेच जण ब्लूप्रिंट म्हणत ते नंतरच्या काळात अमोनिया प्रिंट असायचे. पांढऱ्या कागदावर निळ्या रेघा, आणि खोलीभर नाक झोंबणारा वास. खरा ब्लूप्रिंट उलटा, निळ्यावर पांढऱ्या रेघा. अमोनिया प्रिंटमध्ये डायझो रसायन असते, लोखंडाचा संबंध नाही.

सुगरण_नाही

ऑक्झॅलेट म्हणजे अळूच्या खाजेतले तेच ना? मग फदफद्यात चिंच घातल्यावर ते विरघळते म्हणून खाज जाते, बरोबर?

दोन थेंब जास्त

तेच, पण कॅल्शियमचे. आणि विरघळते म्हणणे जरा अवघड आहे. गुणात्मक विश्लेषणातली जुनी खूण आठवा: कॅल्शियम ऑक्झॅलेट ॲसेटिक आम्लात विरघळत नाही, हायड्रोक्लोरिकमध्ये विरघळते. चिंचेचे आम्ल हायड्रोक्लोरिकच्या जवळपासही नाही. चिंच घाला, चवीला हवीच, पण श्रेय नीट शिजवण्याला द्या.

बाकी, हे निघालेच आहे तर: ऑक्झॅलिक आम्ल आणि त्याचे विरघळणारे क्षार विषारी आहेत, शरीरातले कॅल्शियम बांधतात आणि मूत्रपिंडावर जातात. तोंडाने पिपेट ओढणारे अजून आहेत, म्हणून सांगितले.

गंजलेला_खिळा

फरशीवरचे, कपड्यावरचे गंजाचे डाग ऑक्झॅलिक आम्लाने जातात ते याच रसायनामुळे. गंज पाण्यात विरघळत नाही, पण फेरिकला तीन ऑक्झॅलेट चिकटले की विरघळतो. धुवणाचे पाणी हिरवट-पिवळे दिसते ते ट्रायऑक्झॅलॅटोफेरेटच. ब्युरेटबाईंची शेवटची पायरी म्हणजे बीकरमधला गंज काढणे. मात्र संगमरवरावर वापरू नका, कॅल्शियम ऑक्झॅलेटचा पांढरा थर बसून पॉलिश जाते.

कॅथोड

तुम्ही सगळे हिरव्याच्या मागे, मला मधल्या पायरीतला पिवळा जास्त कामाचा वाटतो. फेरस ऑक्झॅलेट डायहायड्रेट हा लिथियम आयर्न फॉस्फेटचा कच्चा माल आहे, ई-रिक्षा आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत असते ते. हे कॅथोड (बॅटरीच्या धन टोकाचे द्रव्य) १९९७ मध्ये पाढी, नंजुंदस्वामी आणि गुडइनफ यांनी मांडले. घन अवस्थेतल्या पद्धतीत लिथियम कार्बोनेट, फेरस ऑक्झॅलेट आणि अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट लिथियम:लोखंड:फॉस्फरस १:१:१ येईल असे दळून, आधी ३००-३५० ला वायू घालवतात, पुन्हा दळतात, मग ६००-७०० अंशांना आर्गॉन किंवा नायट्रोजनमध्ये भाजतात. ऑक्झॅलेट का? ते तुटताना कार्बन मोनॉक्साइडही सुटतो, तो फेरसला फेरिक होऊ देत नाही. हवेची गळती झाली की राखाडीऐवजी तांबूस माल निघतो आणि तो फेकूनच द्यावा लागतो.

कॉलेजात भट्टी नसेल तर परीक्षानळीत अर्धा ग्रॅम फेरस ऑक्झॅलेट फ्यूम हूडखाली तापवून काळी पूड करता येते. ती इतकी बारीक असते की गरम असताना उंचावरून वाळूच्या ट्रेमध्ये ओतली तर पडता पडता ठिणग्या होतात. शिक्षकांनीच करावे.

क्रोम_प्लेटेड

लोखंडाऐवजी क्रोमियमचा का नाही करत? पोटॅशियम डायक्रोमेट, ऑक्झॅलिक आम्ल, पोटॅशियम ऑक्झॅलेट, एकाच बीकरमध्ये. प्रकाशाने बिघडत नाही, स्फटिक काळपट निळे-हिरवे, देखणे.

फेरिकवाले काका

देखणे आहेत, पण सहा-संयुजी क्रोमियम कर्करोगकारक, आणि ऑक्झॅलिकवर डायक्रोमेट टाकल्यावर जो कार्बन डायऑक्साइड उसळतो त्यात तेच तुषार हवेत जातात. २० जणांच्या बॅचला नको. तुलना तोंडी सांगावी: क्रोमियमचा संकुल आयन संथ, त्याची डाव्या-उजव्या हातासारखी दोन आरसा-रूपे वेगळी काढता येतात. लोखंडाचा इतका चंचल की वेगळी करायच्या आत ती पुन्हा मिसळतात.

निवळ

चर्चा अपेक्षेपेक्षा कितीतरी पुढे गेली. 'ओतकाम' शब्द मागे घेतो, पण अर्धाच. काकांचा पुनर्स्फटिकीकरणाचा आग्रह, चौथा_दशांश यांचे टायट्रेशन आणि अंधारकोठडी यांचा उन्हाचा प्रश्न हे सगळे बसवायचे तर लांबच्या वाटेला एक प्रॅक्टिकल पुरत नाही. दोन भागांत तोडावे का? तोडले तर कुठे?

ब्युरेटबाई

पिवळ्यावर तोडा. पहिल्या दिवशी फेरस ऑक्झॅलेट पाडून, धुऊन, बुकनर फनेलवर (हवा ओढून गाळायच्या फनेलवर) ॲसिटोनने वाळवून जोखायचे. ५ ग्रॅम मोहर सॉल्टला सैद्धांतिक २.२९ ग्रॅम. तो हवेत टिकतो, पुढच्या आठवड्यापर्यंत काही होत नाही. हिरवे द्रावण मात्र अर्धवट ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने नेमके २ ग्रॅम पिवळे घ्यायचे: पोटॅशियम ऑक्झॅलेट ३.१ ग्रॅम, २० व्हॉल्यूम पेरॉक्साइड ८ मिलि, शेवटी १० टक्के ऑक्झॅलिक ७ मिलि. सैद्धांतिक यील्ड ५.४६ ग्रॅम. सगळ्यांची सुरुवात एकाच वजनाने होते, त्यामुळे यील्डची तुलना खरी होते.

फेरिकवाले काका

सहमत. आणि बॅचमधल्या चौघांना त्याच दिवशी फेरिक क्लोराइडची वाट द्या. तिसऱ्या दिवशी दोन्हींचे स्फटिक टायट्रेट करून ऑक्झॅलेटची टक्केवारी फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. भांडण तिथेच मिटेल.

टीवाय_ची_वही

वाळलेल्या पिवळ्यात धुवायचे राहिलेले सल्फेट असले तर ते २ ग्रॅम 'नेमके' कसे? आणि दुसऱ्या दिवशी कळणार कसे?

ब्युरेटबाई

छान प्रश्न. जोखण्याआधी ०.१५ ग्रॅम पिवळे गरम विरल गंधकाम्लात विरघळवून ०.०२ मोलर परमँगनेटने टायट्रेट करा. इथे फेरस आणि ऑक्झॅलेट दोन्ही एकदम मोजले जातात, मोलमागे तीन इलेक्ट्रॉन, म्हणून २५.० मिलि आले पाहिजेत. २४.५ च्या खाली आले तर तो गठ्ठा परत गरम पाण्याने धुवा, वाळवा, मग २ ग्रॅम घ्या.